बंगळूरची पकड

परवा कोल्हापुरात स्टुडिओत एक फजिती झाली. सीन नेहमीचाच होता. मी गुंड. मी नायकाचं मनगट धरायचं, त्यानं एका झटक्यात ते सोडवून घ्यायचं आणि मी तीन कोलांट्या खात गवताच्या गंजीत जाऊन पडायचं. वीस वर्षं मी हेच करत आलो आहे. नायकानं झटका दिला. हात सुटला नाही. त्यानं दुसरा झटका दिला, तेव्हा त्याचा केसांचा टोप सरकला, पण हात काही सुटेना. दिग्दर्शक ओरडले, "कट. बापू, झालंय काय तुम्हाला?"

मी म्हटलं, "काही नाही, साहेब. बंगळूरला जाऊन आलोय."

तिथं सगळे हसले, पण मला कुणी पुढं विचारलं नाही. म्हणून हे लिहून काढतो आहे. जे बंगळूरला गेले नाहीत त्यांना गावही कळेल आणि माझा हात का सुटला नाही तेही कळेल.

आधी माझ्याबद्दल. मारधाडीच्या चित्रपटांत पाट्या पडताना अगदी शेवटी, लोक चपला शोधत असतात तेव्हा, माझं नाव येतं. सकाळी मी तालमीत लाठी, दांडपट्टा आणि कुस्ती शिकवतो. दिवसभर भेटेल त्याला सूर्यनमस्कार घाला म्हणून सांगतो. माझ्या बायकोच्या मते मला दोन व्यसनं आहेत, एक व्यायामाचं आणि दुसरं तो लोकांच्या गळ्यात मारण्याचं. येताना गाडीत हुबळीच्या एका व्यापाऱ्याला मी डब्यातच पंचवीस बैठका मारायला लावल्या. दावणगेरेला तो पाणी प्यायला म्हणून उतरला आणि पुन्हा आमच्या डब्यात आला नाही.

चिकपेट

मला बोलावलं होतं शांताक्कांनी. या बंगळूरच्या एका मुलींच्या शाळेत कवायत शिकवतात. माझ्या मिरजेच्या मावसबहिणीची ही जाऊ, एवढंच आमचं नातं. पत्रात लिहिलं होतं, "आठ दिवस येऊन आमच्या मुलींना स्वसंरक्षण शिकवावे. कारण भेटीत सांगेन."

संक्रांत नुकतीच झाली होती. हवा अशी गोड गार की कोल्हापूरच्या माणसाला वाटावं, देवानं इथं कुठंतरी खिडकी उघडी टाकली आहे. शांताक्कांनी दारातच हातावर तीळ, गूळ, खोबऱ्याचे काप आणि दाणे ठेवले. आपण लाडू वळतो, हे लोक सगळं सुटंच देतात. दातांचं भलं चिंतणारी पद्धत आहे, मला आवडली.

"या की अण्णा, बसा. कॉफी स्वल्प घ्या, मग बोलू," त्या म्हणाल्या.

स्वल्प म्हणजे थोडी. पितळी पेला आणि वाटी, दोन्ही चटके देणारी. मी आयुष्यभर धारोष्ण दुधाचा माणूस, पण तो पहिला घोट घेतला आणि माझ्या तत्त्वांना पहिलं भोक पडलं. आठ दिवसांत त्यांची चाळण झाली.

कारण असं होतं. शांताक्कांच्या शाळेत पद्मा नावाची चौदा वर्षांची मुलगी. वर्गात पहिली. शाळेच्या वाटेवर एका मोरीच्या कठड्यावर काही टवाळ बसत. त्यातल्या एकानं तिचं मनगट धरलं. ती हिसका देत राहिली, तो हसत राहिला, आणि शेवटी त्याला कंटाळा आला तेव्हा त्यानं सोडलं. त्या दिवसापासून तिचे आजोबा रामराव यांनी तिची शाळा बंद केली होती. स्थळंही बघायला लागले होते.

"स्वातंत्र्य मिळून पंधरा वर्षं झाली, अण्णा," शांताक्का म्हणाल्या, "आणि आमच्या पोरीला चार गल्ल्या मोकळ्या नाहीत. मी रामरावांच्या पुढं हट्ट धरून बसले. शेवटी म्हणाले, सरी, ठीक आहे, आठ दिवस शिकवा. रविवारी चार माणसांसमोर करून दाखवा. खरं वाटलं तर सोमवारी पद्मा शाळेला जाईल. नाही तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

रामराव इथल्या मराठी मंडळींच्या मंडळाचे अध्यक्ष. चिकपेटेत त्यांचं रेशमाचं दुकान. डोक्याला जरीकाठी पागोटं, काखेत छत्री, आणि बोलण्याआधी समोरच्याला आपादमस्तक न्याहाळायची सवय. मला बघून म्हणाले, "आमची माणसं तीनशे वर्षांमागं फौजेबरोबर इकडं आली, बघा. तेव्हा हातात तलवार होती. आता गज आहे, कापड मोजायचा. तुम्ही काय शिकवणार ते शिकवा, पण पोरीच्या जातीला तमाशा नको."

मी छाती फुगवून म्हणालो, "रावसाहेब, चार दिवसांत फरक बघा."

अंगणातले चार दिवस

मंडळाच्या मागच्या फरसबंद अंगणात वर्ग भरे. अकरा मुली. परकर आणि दावणी, म्हणजे खांद्यावरून घेतलेली अर्धी साडी, खोचून उभ्या राहिल्या. पहाटे सूर्यनमस्कार, मग मनगट सोडवायचा डाव, मग पाठीमागून धरलं तर काय करायचं ते. मी धरायचो, त्या झटका द्यायच्या आणि सुटायच्या. पद्मा सगळ्यांत चपळ. तिसऱ्या दिवशी तर तिनं मला असं झुगारलं की मी पारिजातकाच्या आळ्यात जाऊन पडलो. मुली टाळ्या वाजवत होत्या. शांताक्कांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी चिखल झटकत मनात म्हटलं, बापू, आठ दिवस कशाला, चारच पुरे होते.

त्या आनंदात मी खाण्यावरही तुटून पडलो. सकाळी इडली, मग मऊ पिवळंधमक उप्पिट आणि त्याच ताटलीत केशरी शिरा. गोड आणि तिखट एकाच ताटलीत शेजारी नांदताना मी पहिल्यांदा पाहिलं. एके दुपारी नाचणीचा उंडा वाढला. मी भाकरीसारखा चावायला लागलो, तशी शांताक्कांची सासू कळवळून म्हणाली, "चावू नका हो, गिळा." पहिला घास माझ्या छातीत जो अडकला तो दीड पेला ताकानं खाली गेला. नंतर मात्र मी तीन उंडे खाल्ले. तालमीतल्या पोरांना हे सुरू करावं असा माझा विचार आहे.

गरडी

आता माझी चूक सांगतो. आपल्याकडं पैलवान परगावी गेला की आधी तिथल्या तालमीत जातो. मातीला हात लावून कपाळाला लावतो, वस्तादांच्या पाया पडतो आणि मगच स्वतःच्या कामाला लागतो. हे मी माझ्या पोरांना घोकून घेतो. आणि मी स्वतः चार दिवस कॉफी पीत हिंडलो. सिनेमाचा माणूस ना, लोकच आपल्याकडं येतील अशी सवय लागलेली.

पाचव्या दिवशी शांताक्काच म्हणाल्या, "अण्णा, जवळच गरडी आहे. मुनियप्पा वस्तादांना भेटून या की."

गरडी म्हणजे आपली तालीमच. ठेंगणं दार, वाकूनच आत जायचं. आत लालभडक माती, कोपऱ्यात गदा आणि करेला म्हणजे लाकडी मुद्गल, मारुतीपुढं दिवा. कोल्हापूरचा वास इतक्या लांब भेटला आणि मला एकदम भरून आलं. मुनियप्पा सत्तरीचे, काळे, किडकिडीत, लंगोटावर बसलेले. मोडक्या हिंदीत म्हणाले, "चार दिन से राह देखता हूँ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माती कपाळाला लावली, पाय धरले. त्यांनी मला उठवलं आणि वर्ग बघायला आले. बायकांना गरडीत यायला बंदी, म्हणून तेच अंगणात आले.

मी दिमाखानं पद्माला पुढं केलं. मी धरलं, तिनं झटका दिला, मी पडलो. मुनियप्पांनी मान हलवली. मग शांताक्कांची परवानगी घेऊन त्यांनी आपला पंचा पद्माच्या मनगटावर गुंडाळला आणि वरून धरलं. "आता सूट" अशी खूण केली.

पद्मानं झटका दिला. हात जागचा हलला नाही. तिनं पुन्हा दिला. मग दोन्ही पाय रोवून ओढलं. म्हातारा आंब्याच्या बुंध्यासारखा उभा होता. पद्माचा चेहरा मी बघितला, आणि तो अजून विसरलो नाही. त्या मोरीपाशी तिचा चेहरा असाच झाला असणार.

मुनियप्पा हात सोडून कन्नडमध्ये काहीतरी बोलले. शांताक्कांनी ते सांगायला वेळ घेतला. "ते म्हणतात, पोरी चांगल्या शिकल्यात. तुमच्या हातातून सुटायला शिकल्यात."

मी अंगणाच्या पायरीवर बसलो. खरंच होतं. वीस वर्षं नायकाला शूर दाखवायचं माझं काम. समोरच्यानं जरा हिसका दिला की माझी बोटं आपोआप उघडतात, अंग आपोआप पडतं. मला कळतही नाही. मी त्या पोरींना सुटायला शिकवलंच नव्हतं. मी त्यांना सोडत होतो.

रविवारला तीन दिवस उरले होते. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर परत गाडीत बसावंसं वाटत होतं. पद्मा पुढं आली आणि म्हणाली, "सर, पुन्हा धरा. खरं धरा." मी धरलं. तिनं झटका दिला आणि माझी बोटं पुन्हा उघडली.

मुनियप्पा हसायला लागले, मग थांबले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला गरडीत बोलावून हातात गदेचा दांडा दिला. ते गदा पिरगाळायचे, मी सोडायची नाही. हाताला फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. चाळिशीच्या माणसाला लहान पोरासारखं दटावत होते. माझे तालमीतले वस्ताद मला असेच दटावायचे. त्यांनी शिकवलेलं सगळं हळूहळू परत आलं. हात ओढायचा नसतो. धरणाऱ्याच्या अंगठ्यापाशी फट असते, मनगट तिकडं फिरवायचं, मागं न पळता एक पाऊल त्याच्याच अंगावर जायचं, आणि कोपर वर नेताना सगळ्या अंगाचं वजन त्या अंगठ्यावर टाकायचं. मनगट बारीक असलं तरी चालतं, कारण समोर फक्त अंगठा असतो.

सकाळ-संध्याकाळ मुनियप्पा स्टुलावर बसून हात पुढं करायचे आणि अकरा मुली ओळीनं त्या हातातून सुटायला बघायच्या. शुक्रवारी संध्याकाळी एकजण सुटली. पद्मा नव्हती ती.

हेब्बाळ

डाव कळला तरी पद्मा अडत होती एका गोष्टीवर. तिला ओरडता येत नव्हतं. मी सांगत होतो, पाऊल टाकताना पोटातून ओरड, अंगात जोर येतो आणि चार माणसं धावतात. पण त्यांच्या घरात वडीलधाऱ्यांपुढं आवाज चढवायची रीतच नाही. ती "सोड" म्हणायची ते "घ्या ना थोडं" म्हटल्यासारखं.

म्हणून शनिवारी मी सगळ्यांना बसनं हेब्बाळच्या तळ्यावर नेलं. गावाबाहेरची जागा, बांध, पलीकडं द्राक्षाचे मांडव, पाण्यावर बगळे. ऐकायला कुणी नाही. मुली बांधावर ओळीनं उभ्या राहून ओरडल्या आणि अर्ध्या तळ्यावरचे पक्षी एकदम वर उडाले. पद्माचा आवाज काही त्यात नव्हता.

दुपारी शांताक्कांनी लिंबाचं चित्रान्न आणि दहीभात काढला. जेवणानंतर पोरींनी हट्ट धरला, सर, सिनेमातली कोलांटी दाखवा. व्यायाम जेवणानंतर करू नये हे मी जगाला सांगतो. तरी उठलो. बांधावरून पहिली कोलांटी झकास झाली, दुसरीला उतार आला, तिसरी मी मारली नाही, ती आपोआप झाली, आणि मी कमरेपर्यंत हेब्बाळच्या चिखलात उभा राहिलो. डोक्यावर शेवाळ.

तेव्हा एक हसणं ऐकू आलं. मोठं, मोकळं, बांधाच्या टोकापर्यंत गेलेलं. पद्मा पोट धरून हसत होती. हसून झाल्यावर तोंडावर हात ठेवून इकडंतिकडं बघायला लागली, कुणी ऐकलं का म्हणून.

मी चिखलातूनच म्हटलं, "हाच आवाज. उद्या हाच आणायचा."

रविवार

अंगणात शंभर-सव्वाशे माणूस जमलं. पुढं खुर्च्यांवर रामराव आणि मंडळाचे लोक, मागं बाया, भिंतीवर पोरं. कोपऱ्यात मुनियप्पा जमिनीवर बसले होते. खुर्ची दिली तर "बेड", म्हणजे नको, म्हणून हातानं सारली.

सूर्यनमस्कार झाले, लाठी झाली. लोक खूष होते. मग मी पद्माला बोलावून तिचं मनगट धरायला पुढं झालो, तोच रामराव उठले.

"थांबा अण्णा. सिनेमा आम्ही पण बघतो. तुम्ही धरणार, तुम्हीच सोडणार. वस्ताद पण आता तुमचे झाले." त्यांनी छत्री खुर्चीला टेकवली. "मी धरतो. मी लहानपणी याच गरडीत होतो. आणि तिचं भलं व्हावं म्हणूनच मी सोडणार नाही."

शांताक्कांनी माझ्याकडं बघितलं. माणूस खोटं बोलत नव्हता. त्यांचा पंजा कापड ओढून ओढून पोलादी झालेला.

त्यांनी धरलं. पद्मानं हात फिरवला, पण फिरवला कसा, आजोबांना लागू नये असा. हात तिथंच. दुसऱ्यांदाही तसंच. रोज सकाळी ज्यांच्या पाया पडायचं त्यांच्या अंगावर चाल करून कसं जायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मीही नाही.

"झालं?" रामराव म्हणाले. आवाजात विजय नव्हता, वाईटच वाटत होतं त्यांना.

पद्मानं वळून कोपऱ्याकडं बघितलं. मुनियप्पांनी उजवा हात जमिनीला लावला आणि कपाळाला लावला. कुस्तीआधी पैलवान लावतो तसा. समोर भाऊ असो की गुरू, एकदा माती लावली की पुढं धरलेली पकड ही पकड असते, तो अपमान नसतो. चिकपेटेतल्या पोरीला हे कुठून कळावं, पण तिला कळलं. ती वाकली, मोकळा हात फरशीला लावला, आजोबांच्या पावलांना लावला, कपाळाला लावला.

"अज्जा, सरी?" तिनं विचारलं.

"सरी," रामराव म्हणाले आणि पकड आणखी आवळली. मी बघत होतो, त्यांच्या बोटांची पेरं पांढरी झाली.

पद्मा उठली ती आजोबांच्या अंगावरच. एक पाऊल आत, मनगट अंगठ्याकडं, कोपर वर, आणि "सोड" असा आवाज निघाला की भिंतीवरचं एक पोर पलीकडं पडलं. रामरावांचं पागोटं फरशीवर गडगडत गेलं. ते दोन पावलं मागं खुर्चीवर जाऊन आदळले. पद्मा तीन हात लांब, पाय रोवून, दोन्ही हात छातीशी, नजर समोर.

रामरावांनी आपला अंगठा बघितला, उलटा केला, सुलटा केला. उठले. पागोटं तसंच राहू दिलं.

"पुन्हा," ते म्हणाले.

या वेळी पद्मा मुलींकडं वळून बेसावध झाली, तेव्हा त्यांनी मागून येऊन धरलं. पद्मा वाकली नाही, विचारलंही नाही. ती आधीपेक्षा लवकर सुटली.

मग जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी रडत होतो. पडद्यावर इतक्या वेळा मेलो, पण कधी असा जिवंत झालो नव्हतो. बाया टाळ्या वाजवत होत्या, मुली पद्माला उचलू बघत होत्या. मुनियप्पांनी येऊन माझे फोड आलेले तळहात उलटे करून पाहिले आणि "अब ठीक" म्हणाले. रामराव पागोटं झटकत शांताक्कांपाशी गेले आणि विचारलं, "शाळेची घंटा किती वाजता होते?"

सोमवार

माझी गाडी दुपारची होती. सकाळी मी मुनियप्पांच्या पाया पडून परतत होतो, तर समोरून पद्मा दप्तर घेऊन येताना दिसली. एकटी. तिच्या मागं वीस पावलांवर, दुकानांच्या फळ्यांच्या आडोशानं, छत्री घेतलेले रामराव. अंगठ्याला हळद लावलेली. मला बघून म्हणाले, "मी काय तिच्या मागं नाही हां. छत्री दुरुस्तीला निघालोय." छत्री नवीकोरी होती. मी त्यांच्याबरोबर चालायला लागलो.

वळणावर मोरीचा कठडा आला. तिघेजण बसले होते. त्यातला एक उतरून वाटेत उभा राहिला. रामरावांनी माझं कोपर असं धरलं की मुनियप्पांची आठवण झाली. मीही पुढं धावायच्या बेतात होतो.

पद्मानं चाल बदलली नाही. हळू केली नाही, जोरातही केली नाही. दप्तर डाव्या खांद्यावर घेतलं, उजवा हात मोकळा केला, आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघत चालत राहिली. तो क्षणभर उभा राहिला. मग त्यानं खिशात काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि बाजूला झाला. ती गेली. तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

माझं कोपर सुटलं. रामराव तिथंच थांबले. बराच वेळ ते रिकाम्या वळणाकडं बघत होते. मग छत्री काखेत मारून मागं फिरले.

"चला अण्णा, कॉफी घेऊ," ते म्हणाले. "पोचली पोर शाळेला."

शाळा अजून दोन गल्ल्या पुढं होती.